सांगलीतील सुट्या रांगोळीचे दुकान: पांढरी रांगोळी अव्वल, गेरू मात्र गाळून घ्यावा

दिवाळीच्या तोंडावर सांगलीत मारुती चौक आणि हरभट रस्त्याच्या परिसरात जागोजागी रांगोळीचे ढीग लागत असले, तरी रांगोळी पारखून घ्यायची असेल, तर याच भागातील एका गल्लीतल्या, बाराही महिने उघड्या पोत्यांतून सुटी रांगोळी विकणाऱ्या छोट्या दुकानात जावे, असे मी आवर्जून सुचवेन.

रांगोळीचा खरा कस पांढऱ्या रांगोळीतच लागतो. शिरगोळा, म्हणजे रांगोळीचा दगड, फार बारीक दळला गेला, तर भुकटी बोटांना चिकटते आणि दमट हवेत तिच्या गुठळ्या होतात. जाडसर राहिला, तर नाजूक रेघ फाटते. या दुकानात रांगोळी चाळून दोन प्रतींत ठेवलेली असते. बारीक प्रत ठिपक्यांच्या रांगोळीला योग्य. रवाळ प्रत संस्कारभारतीच्या रांगोळीला, कारण तिथे आधी रंगाचा थर पसरून त्यावर भरघोस पांढरी रेघ सोडायची असते. गल्ल्याशेजारी शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवलेला आहे. त्यावर रेघ ओढून, चिमटीतून रांगोळी सलग सुटते की नाही, हे गिऱ्हाइकाने स्वतः पाहावे, असा दुकानदार काकांचा आग्रह असतो. पाकीटबंद मालात ही सोय नाही.

रंगांपैकी पिवळा, केशरी आणि पोपटी उठावदार आहेत. गुलाबी आणि जांभळा मात्र पाणी लागताच फरशीत उतरतात, म्हणून त्यांत पांढरी रांगोळी सढळ हाताने मिसळावी. फिकट टाइल्सवर तर ते वापरूच नयेत. गेरूने माझी निराशा केली. कालवल्यावर तळाशी बरीच कचकच राहिली आणि फडक्यातून गाळून घेतल्यावरच अंगण एकसारखे सारवता आले.

लक्ष्मीच्या पावलांचे व गोपद्मांचे छापे येथे मिळतात. चैत्रांगणाचा छाप मिळत नाही, आणि त्याची उणीव मला वाटतही नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यातली गौर, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, कासव, नाग अशी एकेक आकृती हाताने रेखण्यातच त्या रांगोळीचे सारे सौंदर्य आहे.

भाव गाड्यांपेक्षा किंचित जास्त आहे, पण माल पाहता तो वावगा वाटत नाही. वसुबारसेनंतर संध्याकाळी दुकानात उभे राहायलाही जागा नसते, तेव्हा शक्यतो सकाळी जावे आणि झाकणाचा डबा सोबत न्यावा. कागदी पुडीतून रांगोळी वाटेतच सांडते.