क्रेडिट रिपोर्टची दुरुस्ती: एजंटाला पैसे देऊ नका

पाचपैकी साडेतीन तारे. क्रेडिट ब्युरोच्या (कोण कर्ज-बिलं कशी फेडतो याची नोंद ठेवून त्यावरून स्कोअर, म्हणजे गुण, देणाऱ्या कंपनीच्या) साइटवर रिपोर्टातली चूक दुरुस्त करून घ्यायची जी सोय आहे, तिला. काम होतं, पैसा लागत नाही; कापलेला दीड तारा फॉर्मसाठी.

बेळगावात उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथसाठी कर्ज मागायला गेलो तर मॅनेजरसाहेबांनी स्क्रीनच माझ्याकडे फिरवली. एका पोस्टपेड मोबाईलचे ८४७ रुपये थकीत! शेवटचं बिल भरून, कनेक्शन रीतसर बंद करून मी कधीचा मोकळा झालेलो. पैसे कंपनीकडे पोचले, ब्युरोकडची नोंद तशीच. मोबाईलचं बिलसुद्धा तिथं चढू शकतं हे आपल्याकडे कितीजणांना ठाऊक आहे?

खडेबाजारातल्या एका एजंटाने साडेचार हजार सांगितले, वर 'स्कोअर साडेसातशेच्या पुढे नेतो' अशी गॅरंटी. अशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडूनही वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चुकीच्या खात्यावर डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकायचा, बस. फक्त एक लक्षात घ्या, ब्युरो आपल्या मनाने आकडा बदलत नाही. ती कंपनीला विचारते, कंपनीने मान्य केलं की नोंद सुधारते. म्हणून बिलाची पावती आणि कनेक्शन बंद झाल्याचा ईमेल मी कंपनीच्या तक्रार विभागालाही पाठवला. खरं काम त्यानेच झालं असं मला वाटतं, कारण ब्युरोच्या फॉर्ममध्ये ठरावीक कारणांतून एक निवडायचं. 'बिल भरलंय, ही पावती' असं सरळ लिहायला जागाच नाही.

तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. त्यानंतर तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहेच. माझ्यावर ती वेळ आली नाही. जुन्या नोंदीत पत्ता बेळगाव, नव्यात बेळगावी, असाही घोळ दिसला. पण स्कोअरला त्याने फरक पडत नाही, सोडून दिलं.

दुरुस्तीनंतर स्कोअर फार चढला नाही, पण अडलेली फाईल हलली. उरलेल्या तीन ब्युरोंचे रिपोर्ट मात्र वेगवेगळे काढून तपासावे लागले.

हे सगळं बघून मेव्हणा धसकला आणि पडून असलेलं जुनं क्रेडिट कार्ड बंद करायला निघाला. त्याला हिशोब दाखवला: दोन कार्डं, प्रत्येकी ५० हजारांची मर्यादा, खर्च ३० हजार, म्हणजे वापर ३० टक्के. एक बंद केलं की तोच खर्च ६० टक्के दिसणार आणि स्कोअर खाली येणार. वार्षिक फी बसत असेल तर खुशाल बंद करा, पण बाकी शून्य करून. 'थोडं कमी भरा, सेटल करू' म्हणाले तर अजिबात ऐकू नका, 'सेटल्ड'चा शेरा वर्षानुवर्षं निघत नाही. बाकी नसताना अर्ज देऊनही बँकेने कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद केलं नाही, तर दिवसाला ५०० रुपये तिनेच तुम्हाला द्यायचे असतात. अर्जाची पोच तेवढी जपून ठेवा.