सेमी-हॉलो गिटार: ठोकळ्याची, पोकळ की कोरलेली?

सेमी-हॉलो, म्हणजे अर्धवट पोकळ, इलेक्ट्रिक गिटारीच्या एफ-होलमधून (पुढच्या बाजूच्या f आकाराच्या छिद्रातून) मोबाईलचा टॉर्च आत मारा. गिब्सन ईएस-३३५ मध्ये उजेड बोटभर आत जातो आणि लाकडाच्या भिंतीवर अडतो. एपिफोन कॅसिनोमध्ये तोच उजेड पलीकडच्या एफ-होलमधून बाहेर पडतो. समोरून पाहिलं तर दोघी सख्ख्या बहिणी: तसेच गोल खांदे, तशीच दोन छिद्रं, चार नॉब. पण ॲम्पचा आवाज वाढला की दोघींचं वागणं पार वेगळं. रंग, ब्रँड आणि पिकअप (तारांचं कंपन पकडून ॲम्पला देणारा भाग) यांची चर्चा लोक महिनोन् महिने करतात आणि आत काय आहे हे मात्र गिटार घरी आल्यावर बघतात.

दुकानात ‘सेमी-हॉलो’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या बांधणीच्या गिटारी टांगलेल्या असतात.

पहिली ठोकळ्याची. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चार बाय चार इंचाच्या लाकडी ओंडक्यावर पिकअप बसवले आणि दोन्ही बाजूंना गिटारीचे पंख जोडले. ती गंमत ‘लॉग’ म्हणून ओळखली जाते. गिब्सनने १९५८ मध्ये ईएस-३३५ आणली तेव्हा तीच कल्पना नीटनेटकी होऊन बाजारात आली. नेकच्या मुळापासून शेपटापर्यंत मेपलचा सलग ठोकळा, आणि दोन्ही बाजूंना पोकळ कप्पे. वरचा पत्रा (गिटारीच्या पुढच्या बाजूची पातळ लाकडी फळी) कमानदार असतो आणि ठोकळा सपाट, म्हणून मधल्या फटीत खाचा पाडलेल्या स्प्रूसच्या पट्ट्या भरतात. एपिफोन डॉट, शेरेटन, इबानेझ एएस७३, यामाहा एसए२२००, ग्रेच स्ट्रीमलायनर जी२६२२ ही सगळी याच कुळातली.

दुसरी पातळ पण पूर्ण पोकळ. १९५९ ची गिब्सन ईएस-३३० आणि १९६१ पासूनची एपिफोन कॅसिनो. काटेकोर बोलायचं तर या सेमी-हॉलो नव्हेतच. जाडी ३३५ एवढीच असल्यामुळे त्यांना त्याच रांगेत उभं करतात, आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं.

तिसरी कोरलेली. सलग लाकूड मागून पोखरायचं आणि मागेच पातळ फळी चिकटवून ते बंद करायचं. १९६८ ची फेंडर टेलिकास्टर थिनलाइन अशी बनली. तिची आखणी रॉजर रॉसमायस्ल यांची, आणि रिकनबॅकर ३३० सुद्धा त्यांचीच. या गिटारींत पोकळी असते, पण स्वभाव सॉलिड बॉडीचाच (भरीव गिटारीचाच) राहतो.

एक गैरसमज आधीच निकालात काढू. एफ-होल आहेत म्हणजे ॲम्प न लावता ॲकॉस्टिकसारखं वाजेल, असं नाही. कॅसिनो रात्री सोफ्यावर सराव करण्याइतपत ऐकू येते, ३३५ त्याहून कमी, थिनलाइन जवळपास सॉलिड बॉडीइतकीच. बहुतेकींचा वरचा पत्रा प्लायचा असतो. तो तडकत नाही, हवामानाने फार हलत नाही, पण ॲकॉस्टिकच्या सलग स्प्रूससारखा बोलतही नाही.

आवाज आणि फीडबॅक

तारेची ताकद कुठे खर्च होते, यावर सगळं अवलंबून. पोकळ गिटारीत ब्रिजखालचा (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाखालचा) पत्रा मोकळा असतो, तो तारेबरोबर हलतो आणि तारेची ऊर्जा पटकन पिऊन टाकतो. म्हणून कॅसिनोवर स्वर ठणकन उमटतो आणि लवकर विरतो. कॉर्डच्या चटपटीत ऱ्हिदमला हे फार शोभतं. ठोकळ्याच्या गिटारीत ब्रिज घट्ट लाकडात रोवलेला असतो, त्यामुळे स्वर रेंगाळतो आणि बेंड केलेली (तार बाजूला ओढून चढवलेली) नोट शेवटपर्यंत साथ देते. थिनलाइन या दोघींच्या मध्ये नाही, ती एका बाजूला उभी आहे: टेलिकास्टरचा टणत्कार तसाच, कडा किंचित बोथट.

हाच हलणारा पत्रा ॲम्पसमोर डोकेदुखी होतो. स्पीकरची हवा पत्रा हलवते, पत्रा ब्रिजमधून तारा हलवतो, पिकअप ते पकडून पुन्हा ॲम्पला देतो, आणि घुमणं, म्हणजेच फीडबॅक, सुरू. सगळ्या फीडबॅकवर उपाय एकच नसतो, म्हणून आधी कान लावून ओळखायचं. वाजवत असलेल्या स्वरातूनच घूं वाढत गेली, तर तो तारेचा फीडबॅक. ३३५ वर तो हवाहवासा असतो, जागा बदलली की काबूत येतो. कोणताही फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) दाबा, घुमणं मात्र एकाच खालच्या सुराचं राहिलं, तर ती पोकळीची स्वतःची घूं. कॅसिनोवाल्यांची तक्रार असते ती हीच. आणि सगळ्या तारा तळव्याने दाबल्या तरी कर्कश शिट्टी थांबत नसेल, तर दोष बॉडीचा नाही, पिकअपचा. त्याच्या आतली तारेची वेटोळी सैल आहेत, त्याला मेणात बुडवून घ्यावं लागेल. पॅराफिन आणि थोडं मधमाशांचं मेण, साधारण ६० ते ६५ अंश, बुडबुडे थांबेपर्यंत. तापमान चढलं तर प्लास्टिकचं बॉबिन वाकतं, म्हणून हे काम थेट आचेवर कधी करू नये. गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात करावं.

पोकळीच्या घुमण्यावर स्वस्त इलाज म्हणजे एफ-होलच्या आकाराचा फोमचा तुकडा कापून तिथे घट्ट बसवणं. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग एफ-होलमध्ये कापड कोंबायचे, आणि १९८० मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाची ल्युसिल आणली तेव्हा तिला एफ-होल ठेवलेच नाहीत. कापडापेक्षा फोम बरा, कारण सुटं कापड आत घसरून वायरींत गुंततं. शिवाय ॲम्पपासून तिरकं उभं राहायचं, बास थोडा कमी करायचा. एवढं करूनही कॅसिनोवर जास्त गेन (आवाज फाटेपर्यंत चढवलेला सिग्नल) आणि ड्रमसेटशेजारचा आवाज एकत्र नांदत नाहीत. तुमचं संगीत तसं असेल तर कॅसिनोचा विचार सोडा, कितीही देखणी वाटली तरी.

पिकअपचं थोडक्यात. ३३५ कुळात बहुधा दोन कॉइलचे हमबकर, म्हणजे घरघर नाही. कॅसिनोत पी-९०, म्हणजे सिंगल कॉइल. आवाजाला सुंदर धार, पण ट्यूबलाइट किंवा डिमर जवळ असेल तर घरघर आलीच. थिनलाइनच्या मूळ रूपात दोन सिंगल कॉइल, १९७२ च्या रूपात सेथ लव्हर यांनी आखलेले वाइड रेंज हमबकर.

पिकअपची उंची मात्र थोडक्यात उरकण्यासारखी नाही. ‘नेक पिकअप गढूळ वाजतो’ ही ठोकळ्याच्या स्वस्त गिटारींबद्दलची नेहमीची कुरकुर, आणि पुष्कळदा पिकअप बदलायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हरनेच ती मिटते. शेवटचा फ्रेट दाबून तारेचा तळ ते पिकअप अंतर मोजा: नेकला साधारण २.४ मिमी, ब्रिजला १.६ मिमी. तिथून नेक पिकअपची जाड तारांची बाजू पाव-पाव फेरा खाली नेत ऐका. कॅसिनोत हा मार्ग बंद. तिथले पी-९० ‘डॉग-इअर’ घाटाचे, दोन कानांतून थेट पत्र्याला स्क्रूने बसवलेले. उंची वाढवायची तर खाली पातळ पट्टी घालावी लागते, नाहीतर फक्त पोलचे स्क्रू वर-खाली करायचे.

हातात घेतल्यावर

३३५ ची बॉडी १६ इंच रुंद. बसून वाजवताना उजवा खांदा वर उचलला जातो, आणि लहान चणीच्या माणसाला तासाभरात ते जाणवतं. मालक तक्रार करतात ती वजनाची कमी आणि या रुंदीची जास्त. ठोकळ्याच्या गिटारी साधारण साडेतीन ते चार किलो, कॅसिनो तीनच्या आसपास. आवाज ३३५ चा हवा पण आकार नको, असं असेल तर २००७ पासूनची ईएस-३३९ बघावी. ठोकळा तोच, बॉडी आकाराने लेस पॉल नावाच्या गिटारीच्या जवळपास.

नेक कुठे जोडला आहे, हे कोणी विचारत नाही आणि विचारायला हवं. ३३५ मध्ये तो १९ व्या फ्रेटपाशी बॉडीला मिळतो, त्यामुळे वरच्या सुरांपर्यंत हात सहज पोचतो. कॅसिनोत १६ व्या फ्रेटपाशी. म्हणजे पहिला फ्रेट अंगाजवळ येतो, खालचे कॉर्ड आरामात पडतात, आणि १७ व्या फ्रेटच्या वर अंगठा अडखळायला लागतो. दोघींची स्केल (तारेची वाजणारी लांबी) २४.७५ इंच, तारा बेंड करायला मऊ. थिनलाइनची २५.५ इंच, त्याच ०.०१० इंच जाडीच्या तारा तिथे ताठ लागतात.

कॅसिनोचा ट्रॅपीझ टेलपीस (गिटारीच्या शेपटाला अडकवलेली, तारा धरणारी चौकट) दिसायला झकास, पण त्याची सवय करून घ्यावी लागते. ब्रिजवरून तारा उथळ कोनात खाली जातात, म्हणून ०.००९ चा सेट लावून जोरात झोडलं तर तार खाचेतून उडते. ०.०१० किंवा ०.०११ लावा. ब्रिजमागे तारांचा लांब तुकडा उरतो, तो आपला आपण किणकिणतो. त्या तारांमधून फेल्टची पट्टी वर-खाली विणली की गप्प होतो. आणि सगळ्या तारा एकदम काढू नका. टेलपीस लोंबकळून पॉलिशवर ओरखडा काढतो. एकेक तार बदला, नाहीतर खाली जाड फडकं घाला.

दुरुस्ती

या एका बाबतीत थिनलाइन बाकी दोघींना सरळ हरवते. पिकगार्ड किंवा कंट्रोल प्लेटचे स्क्रू काढले की सगळं सर्किट हातात येतं. ३३५ आणि कॅसिनोला मागे झाकण नसतं. पॉट (नॉबखालचा, आवाज आणि टोन बदलणारा भाग), स्विच, जॅक (केबल खुपसायची जागा), सगळं एफ-होलमधून बाहेर काढायचं आणि तिथूनच परत घालायचं. साधा पॉट बदलायला कारागीर जास्त पैसे मागतो तो याचसाठी, आणि ते रास्त आहे.

सगळ्यात जास्त गिटारी बिघडतात त्या जॅकपाशी. जॅकचा नट ढिला होतो, मालक पान्याने तो आवळतो, आत अख्खा जॅक फिरतो, वायर पिळवटते आणि सोल्डरपाशी तुटते. नट आवळताना जॅकच्या तोंडात निमुळती लाकडी काडी घट्ट खुपसून जॅक धरून ठेवायचा, मगच पाना फिरवायचा.

पॉट स्वतः बदलणार असाल तर काढण्यापूर्वी प्रत्येक शाफ्टवर (नॉब बसतो त्या दांडीवर) बारीक रबरी नळीचा हातभर तुकडा चढवा. मग नट काढून पॉट आत ढकला आणि एफ-होलमधून बाहेर ओढा, नळीचं दुसरं टोक मात्र भोकाबाहेर राहू द्या. परत बसवताना तीच नळी ओढली की शाफ्ट आपल्या भोकात वर येतो. नळी शाफ्टपेक्षा किंचित तंग हवी, सैल असली तर ऐन वळणावर निसटते आणि पॉट आत गडगडतो. चारही नळ्यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा; आत गेल्यावर व्हॉल्यूम कुठला आणि टोन कुठला, हे एफ-होलमधून कळत नाही.

नेकचा कोन हा यापेक्षा महागडा मामला. जुनी गिटार घेताना ब्रिज किती खाली आहे ते आधी बघा. ब्रिज पत्र्याला टेकलाय आणि तरीही १२ व्या फ्रेटवर जाड तार ३ मिमी वर आहे, तर ट्रस रॉडचे (नेकच्या आतल्या, त्याचा बाक बदलणाऱ्या सळईचे) कितीही फेरे त्यावर उपाय नाहीत. ३३५ आणि कॅसिनोचा नेक सरसाने जोडलेला असतो; तो उकलून पुन्हा बसवायचा खर्च मधल्या दर्जाच्या गिटारीला परवडत नाही. थिनलाइनचा नेक बोल्टवर, सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची पट्टी घातली की काम झालं. सेटअप ठीक असलेल्या गिटारीत १२ व्या फ्रेटवर जाड तार २ मिमी, बारीक तार १.६ मिमी उंच असावी. पहिला आणि पंधरावा फ्रेट एकदम दाबल्यावर सातव्यावर पाव मिमीची फट दिसावी. कॅसिनो किंवा ईएस-३३० जुनी असेल तर ब्रिजखालचा पत्रा खचलाय का, हे बाजूने डोळा लावून बघा. ठोकळ्याच्या गिटारीत ही भीती नाही. हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या डोक्याच्या) मागे, नटच्या (तिथे तारा टेकतात त्या पट्टीच्या) जरा वर, नख फिरवून पाहा. तिथे पॉलिशखाली केसाएवढी रेघ लागली तर ते तुटून जोडलेलं डोकं असू शकतं.

मग घ्यायची कोणती? बँडमध्ये ड्रमरबरोबर, थोडं ओव्हरड्राइव्ह (किंचित फाटका आवाज) लावून वाजवणार असाल तर ठोकळ्याची, दुसरा विचार नको. टेलिकास्टरवर हात बसलाय आणि खांदा दुखतो, तर थिनलाइन. घरी, रेकॉर्डिंगला, क्लीन किंवा जेमतेम फाटलेल्या आवाजात वाजवणार असाल तर कॅसिनोइतकी आनंद देणारी गिटार या तिघींत नाही. ३३५ आणि कॅसिनोत अडकलाच असाल तर दुकानात दोन्ही एकाच ॲम्पला, एकाच सेटिंगवर लावा. ॲम्पपासून दीड मीटरवर, तोंड ॲम्पकडे करून उभे राहा, तारांना हात न लावता आवाज हळूहळू चढवा. कॅसिनो जिथे घुमायला लागेल तिथे नॉबवर खूण करा, आणि त्या खुणेवर ३३५ वाजवून पाहा. तो आवाज तुम्हाला एरवी लागतो त्यापेक्षा मोठा वाटला, तर कॅसिनो खुशाल घ्या.