रूल द वेव्हज ३ : तोफेआधी टनांचा हिशेब

मागून कोणी स्क्रीनकडे पाहिलं तर हमखास विचारणार, "ऑफिसचं काम घरी आणलंय का?" राखाडी खिडक्या, रकाने, बारीक अक्षरांतले आकडे. लढाई सुरू झाली तरी निळ्या नकाशावर पेन्सिलीच्या टोकाएवढ्या नौका सरकतात, एवढंच. २०२३ साली आलेल्या 'रूल द वेव्हज ३' या नौदलाच्या गेमचं हे रूपडं आहे. आवाजाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. विंडोजशिवाय चालत नाही आणि दोघांनी मिळून खेळायची सोयही नाही. एक फायदा मात्र आहे. ग्राफिक्स कार्डाचा भाव काढायला लॅमिंग्टन रोडला जावं लागत नाही, ऑफिसचा साधा लॅपटॉप पुरतो. पंधरा इंची स्क्रीनवर अक्षरं डोळ्यांना त्रास देतात, म्हणून जमलं तर बाहेरचा मॉनिटर लावावा.

नेव्हल वॉरफेअर सिम्युलेशन्स या कंपनीच्या मालिकेतला हा तिसरा भाग. काळ १८९० ते १९७०, एक टर्न (खेळातली एक पाळी) म्हणजे एक महिना. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, जपान, रशिया, फ्रान्स, इटली अशा देशांपैकी एकाच्या नौदलाचे तुम्ही प्रमुख. देश तुमच्या हातात नसतो. युद्ध सरकार पुकारतं, पैसे सरकार देतं आणि तुमची प्रतिष्ठा फार घसरली तर घरीही सरकारच पाठवतं. तुमच्या हातात उरतं ते कोणती जहाजं बांधायची, कधी बांधायची, कुठे ठेवायची आणि लढाईत कशी चालवायची. यातलं पहिलं काम इतकं भारी पडतं की पुढची तिन्ही त्याचे हप्ते फेडण्यात जातात.

जहाज आखायचा स्क्रीन म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा. समजा १९०० सालापासून खेळ सुरू केला आणि सहा-सात वर्षांनी मोठी युद्धनौका काढायला बसलात. वजन १९,००० टन, वेग २१ नॉट, १२ इंची तोफा १०, कमरेचा चिलखती पट्टा ११ इंच. सगळं भरलं की शिल्लक वजनाचा आकडा उणे दिसतो. आता काय कापायचं? नवखा खेळाडू चिलखत कापतो, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. आधी वेगाकडे बघावं. इंजिनाची ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २० वरून २१ नॉटवर जाताना वेग वाढतो ५ टक्के आणि ताकद लागते जवळजवळ १६ टक्के जास्त. शेवटचा नॉट सगळ्यात महाग. तो सोडला की बरंच वजन मोकळं होतं. पण प्रतिस्पर्ध्याची रांग २१ नॉटने धावत असेल तर लढाईचं अंतर तो ठरवणार, तुम्ही नाही, हेही त्याच वेळी मान्य करायचं.

वजन वाचवायच्या चार पळवाटा गेम स्वतःहून समोर ठेवतो आणि चारही नंतर वसूल करतो. इंजिनाला 'वेग' प्राधान्य दिलं की यंत्रं हलकी होतात, पण ऐन पाठलागात बिघडतात. पल्ला आखूड ठेवला की जहाज घरच्या समुद्राला बांधलं जातं. खलाशांची जागा कोंदट ठेवली तर दूरच्या ठाण्यावर ते जहाज नीट काम देत नाही. फ्रीबोर्ड (पाण्यापासून डेकपर्यंतची उंची) कमी घेतला तर उत्तर समुद्राच्या खवळलेल्या पाण्यात तोफा ओल्या होतात आणि नेम बिघडतो. भूमध्य समुद्रात लढणाऱ्या इटलीला किंवा ऑस्ट्रिया-हंगेरीला आखूड पल्ला परवडतो. ब्रिटन किंवा अमेरिकेने या वाटेला जाऊ नये.

तोफांची मांडणी हा वेगळाच डोकेदुखीचा विषय. सुरुवातीला मधल्या रेषेवर दोनच टरेट (तोफांचे फिरते चिलखती मनोरे) बसवता येतात, बाकीचे बाजूला. बाजूचा टरेट त्याच्याच बाजूला डागतो. १९०६ च्या ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेवर १२ इंची तोफा दहा होत्या, पण एका बाजूला आठच डागता येत. गेममध्येही एकूण तोफांच्या आकड्यावर भाळू नये, एका बाजूला किती डागतात ते मोजावं. मध्यरेषेवर तिसऱ्या टरेटचं तंत्र संशोधनात जवळ आलं असेल तर सहा महिने थांबलेलं बरं. जहाज गोदीत दोन-अडीच वर्षं राहतं आणि पाण्यात उतरायच्या आधीच जुनं ठरतं, हा या खेळातला सगळ्यात हळू होणारा पराभव.

चिलखतात पट्टा आणि टरेटचा दर्शनी भाग सगळेच जाड करतात. मार खातं ते टरेटचं छत. लढाईचं अंतर वाढत गेलं की गोळे वरून कोसळतात आणि दोन इंची छत भेदून थेट दारूगोळ्यापर्यंत पोचतात. ३१ मे १९१६ रोजी जटलंडला ब्रिटिश-जर्मन ताफ्यांच्या लढाईत इन्डिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (वेगवान पण पातळ चिलखताच्या मोठ्या नौका) अशाच फुटल्या आणि तीन हजारांहून जास्त माणसं गेली. तिथे दोष नुसत्या पातळ चिलखताचा नव्हता. भराभर डागता यावं म्हणून कॉर्डाइट (गोळा उडवणारी दारू) वाजवीपेक्षा जास्त बाहेर रचलं होतं आणि आग अडवणाऱ्या झडपा उघड्या होत्या. मुंबईकराला कोठारातली आग म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोट झालेल्या फोर्ट स्टिकीन जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र होती. गेममध्ये टरेट भेदला गेल्यावर दर वेळी स्फोट होत नाही. पण होतो तेव्हा बातमी एका ओळीत येते आणि अडीच वर्षांचं काम नकाशावरून पुसलं जातं.

आराखडा पक्का करण्याआधी २०० ते ४०० टन मुद्दाम मोकळे सोडावेत. पुढे नवी नेमयंत्रणा किंवा विमानविरोधी तोफा बसवताना ते उपयोगी पडतात. काठोकाठ भरलेल्या जहाजावर काहीही चढवायचं तर आधी काहीतरी उतरवावं लागतं. दुय्यम तोफांना आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना निदान २ इंच चिलखत द्यावं, नाहीतर किरकोळ स्फोटक गोळ्यांनीही नाकाकडून पाणी आत शिरतं.

पैशाचं गणित बाहेरून सोपं वाटतं. प्रत्येक देशाशी तणावाची एक पट्टी असते. तणाव वाढला की बजेट वाढतं, निवळला की आटतं. चूक इथे होते. तणाव वर असताना हुरूप येऊन तीन मोठी जहाजं एकदम कामाला लावली जातात. वर्षभरात वातावरण शांत होतं, बजेट खाली येतं आणि तिन्ही सांगाडे गोदीत अर्धवट. बांधकाम थांबवता येतं, पण तेवढं जहाज उशिरा येतं, म्हणजे जुनं होऊन येतं. मोठी जहाजं निदान आठ-दहा महिन्यांच्या अंतराने सुरू करावीत. शांततेत जुनी जहाजं राखीव दलात टाकावीत. खर्च उतरतो, खलाशांचा सरावही उतरतो, म्हणून तणाव चढू लागला की ती आधीच सेवेत ओढावीत. युद्ध पुकारल्यावर ओढली तर पहिले काही महिने कच्च्या माणसांनिशी लढावं लागतं.

जुनी जहाजं मोडीत काढायला खेळाडू फार कचरतात, आणि ते समजण्यासारखं आहे. १९७१ गाजवलेली विक्रांत २०१४ साली दारूखान्यात तोडायला गेली तेव्हा या शहराने काय हळहळ केली ते आठवा. पण गेममध्ये १८९४ चं क्रूझर १९१२ पर्यंत सांभाळणं म्हणजे दर महिन्याला पगार आणि कोळसा वाया घालवणं. त्याचा एकच सन्माननीय उपयोग आहे. दूरच्या वसाहतींत ठराविक टन ठेवावे लागतात, नाहीतर प्रतिष्ठा कापली जाते, तिथे पाठवावं. नवं बांधायचंच असेल तर छोट्या क्रूझरवर वसाहती सेवेची खूण करावी. ठाण्याच्या मोजणीत ते आपल्या वजनापेक्षा जास्त धरलं जातं.

लढाई मिनिटामिनिटाने पुढे सरकते. ताफ्याच्या तुकड्या असतात आणि प्रत्येकीला भूमिका द्यायची: मुख्य रांग, टेहळणी, पडदा (मोठ्या जहाजांभोवतीचं संरक्षण), आधार. डिस्ट्रॉयर, म्हणजे टॉर्पेडो वाहणाऱ्या छोट्या वेगवान नौका, पडद्यावर ठेवले की रांगेला चिकटून राहतात. टॉर्पेडो हल्ल्याचा हुकूम दिला की सुटतात ते परत गोळा करताना नाकी नऊ येतात. म्हणून हुकूम उगाच घाईने देऊ नये. शत्रूचं एखादं मोठं जहाज मंदावलंय, किंवा त्याची रांग वळते आहे, अशा वेळी सोडावेत.

एक प्रसंग वारंवार येतो, तो जवळून बघू. दुपार कलली आहे, दृश्यता कमी होत चालली आहे, तुमची रांग जिंकते आहे. शत्रू पाठ फिरवून धुरात शिरतो. मोह होतो पाठलागाचा. त्या धुरातून दहा मिनिटांत त्याचे डिस्ट्रॉयर बाहेर पडतात आणि तुमची रांग नेमकी त्यांच्या तोंडाशी असते. रडार यायच्या आधीच्या काळात अंधारात मोठ्या जहाजाने लहानाजवळ जाणं म्हणजे पाय पसरून सापासमोर बसणं. ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख जेलिको याने जटलंडला टॉर्पेडो हल्ला येताच रांग उलट वळवली, त्यावरून पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. गेम खेळल्यावर त्याची बाजू पटते.

टॉर्पेडो बसलाच तर ते जहाज तुकडीतून वेगळं काढा आणि वेग ८-१० नॉटवर आणा. वेगात पाणी जास्त घुसतं. सोबत दोन डिस्ट्रॉयर देऊन बंदराकडे रवाना करा. पूर्ण वेगाने रांगेत ठेवलेलं जहाज लढाईत तगतं आणि परतीच्या वाटेवर बुडतं, मग गुण शत्रूला जातात. दुसरी गोष्ट नेमाची. चार जहाजांनी एकाच लक्ष्यावर डागलं तर कोणाचा गोळा कुठे पडला हे कळेनासं होतं आणि नेम बिघडतो. दोनाला एक, फार तर. १८९० च्या सुरुवातीला तर मोठ्या तोफांवर विसंबूच नये, त्या क्वचित लागतात. काम करतात ६ इंची झटपट डागणाऱ्या. १७ सप्टेंबर १८९४ च्या यालूच्या लढाईत जपान्यांनी अशाच तोफांनी चिनी ताफा झोडपला. डिंगयुआन आणि झेनयुआन या दोन चिलखती नौका मात्र तरल्या, हेही विसरू नये.

पुढे विमानवाहू जहाजं येतात आणि गेमची चव बदलते. नव्या विमानासाठी मागणी काढताना वेग, पल्ला, बॉम्बचं वजन अशांपैकी कशाला प्राधान्य ते सांगायचं आणि आलेल्या नमुन्यांतून निवडायचं, हा भाग उत्तम जमलाय. प्रत्यक्ष हवाई हल्ला उभा करणं मात्र क्लिकांचं कंटाळवाणं काम आहे. टेहळणी, संरक्षण, हल्ला, प्रत्येकाची वेगळी जुळवाजुळव, आणि विमानं तयार होईपर्यंत शत्रू सरकलेला. क्षेपणास्त्रांचा शेवटचा काळ घाईत उरकल्यासारखा वाटतो. २१ ऑक्टोबर १९६७ ला इजिप्तच्या छोट्या बोटींनी स्टिक्स क्षेपणास्त्रांनी इस्रायलची एलात ही युद्धनौका बुडवली, एवढ्यापर्यंत गेम पोचतो. डिसेंबर १९७१ मध्ये तीच क्षेपणास्त्रं घेऊन आपल्या बोटी कराचीवर गेल्या, त्याच्या उंबरठ्यावर तो थांबतो. मूळ गेममध्ये भारताचं नौदल निवडताही येत नाही. एवढी रुखरुख राहते.

आणखी तक्रारी आहेत. संगणकाच्या ताब्यातल्या तुमच्याच तुकड्या कधी कधी मुख्य रांगेसमोरून आडव्या जातात आणि धुराने तुमचाच नेम झाकतात. लढाया तयार करणारी यंत्रणा लहरी आहे. काफिला अडवायला पाठवते आणि अर्ध्या तासात अंधार. नकार द्यावा तर गुण जातात. ताफ्याचा आकार फार मोठा निवडला तर ऐंशी जहाजांच्या लढाईत एकेक मिनिट पुढे ढकलताना रविवार संपतो.

म्हणून पहिल्यांदा खेळताना सुरुवात १९०० ची, ताफा मध्यम, जुनी जहाजं गेमलाच तयार करू द्यावीत. देश अमेरिका निवडावा. पैसा भरपूर, शत्रू लांब, आणि चुका पचवायची ऐपत. ब्रिटनचा मोह टाळा, कारण जगभरच्या ठाण्यांना जहाजं पुरवतानाच दमछाक होते. संशोधनात नेमयंत्रणा, चिलखतभेदी गोळे आणि जहाजांची आखणी यांना वरचं प्राधान्य, बाकी मध्यम.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. त्या दोन तासांत एखादी मोठी लढाई दिसेलच असं नाही, कदाचित युद्धही पेटणार नाही. तेवढ्यात एक युद्धनौका आखा आणि उणे दिसणारं वजन शून्यावर आणायचा प्रयत्न करा. घड्याळाकडे बघितलं आणि चाळीस मिनिटं त्यातच गेली असतील, तर ठेवून घ्या. दहाव्या मिनिटाला जांभई आली तर परत करा.