एजंटसाठी टूलचं वर्णन: स्पेसिफिकेशनमधून उचलावं की बसून लिहावं?

एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने आपली सेवा वापरण्याचा दरवाजा) तयार आहे, त्याचं ओपन-एपीआय स्पेसिफिकेशनही (त्याच्याकडे काय आणि कसं मागायचं याची ठरलेल्या साच्यातली नोंद) आहे, आणि आता तो एआय एजंटच्या, म्हणजे स्वतःहून कामं पार पाडणाऱ्या एआय मॉडेलच्या, हाती द्यायचा आहे. रस्ते दोन. स्पेसिफिकेशनवर कन्व्हर्टर (आपोआप रूपांतर करणारा प्रोग्राम) चालवला की प्रत्येक एंडपॉइंटचं (एपीआयमधल्या एकेका कामाच्या पत्त्याचं) एक टूल, म्हणजे एजंटला वापरता येणारं फंक्शन, होतं आणि वर्णनंही तिथूनच येतात. किंवा मोजकी टूल्स निवडून त्यांची वर्णनं स्वतः लिहायची. पहिलं काम दुपारच्या चहाआधी उरकतं, दुसऱ्याला बरेच दिवस लागू शकतात.

मॉडेलला बाहेरची फंक्शन्स वापरू देणारं फंक्शन कॉलिंग ओपनएआयने जून २०२३ मध्ये आणलं, आणि एजंटला टूल्स जोडण्याचा सामायिक करार असलेलं एमसीपी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये. मॉडेलसमोर मुख्यतः ठेवलं जातं ते दोन्हीकडे सारखंच: टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरांचा जेसन स्कीमा (टूलला कोणती मूल्यं, कोणत्या प्रकारची द्यायची याचा आराखडा). मागचा कोड त्याला दिसत नाही. माणूस प्रोग्रामर एकदा चुकतो, मग लक्षात ठेवतो. एजंट दर वेळी कोरा येतो.

कोड साठवण्याची सेवा असलेल्या गिटहबचं उदाहरण घेऊ, कारण त्याचं स्पेसिफिकेशन नीट राखलेलं आहे. गचाळ स्पेसिफिकेशनशी तुलना करून जिंकण्यात काही मजा नाही. रिपॉझिटरीतल्या (एका प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातल्या) इश्यूंची, म्हणजे नोंदवलेल्या बग आणि कामांची, यादी देणारा एंडपॉइंट काही सांगितलं नाही तर फक्त उघडे इश्यू देतो, पानाला ३०, मागितले तर जास्तीत जास्त १००. शिवाय गिटहबच्या लेखी प्रत्येक पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) हाही इश्यूच, त्यामुळे त्याही यादीत येतात. हे सगळं स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं आहे. कन्व्हर्टरने काढलेल्या वर्णनाचा गाभा असा:

«रिपॉझिटरीतल्या इश्यूंची यादी देते. फक्त उघडे इश्यू मिळतात. टीप: प्रत्येक पुल रिक्वेस्ट इश्यू मानली जाते.»

यात एकही चूक नाही. तरी «किती बग उघडे आहेत?» असं विचारल्यावर एजंट एक कॉल करून «३०» असं ठामपणे सांगून मोकळा होऊ शकतो. न सांगता पानाला ३०च मिळतात हे त्याने पॅरामीटरांच्या स्कीमात वाचलेलं असतं, पण म्हणून ३० या आकड्यावर विश्वास ठेवू नये हे कुणी सांगितलेलं नसतं. स्पेसिफिकेशन वस्तुस्थिती सांगतं, तिच्यामुळे काय बिघडेल ते सांगत नाही. दोन रस्त्यांमधला खरा फरक मला इथे दिसतो. हाताने लिहिलेलं वर्णन असं असेल:

«एका रिपॉझिटरीतले इश्यू देते. पुल रिक्वेस्ट यात येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं टूल आहे. एका वेळी एकच पान मिळतं. उत्तरात ‘आणखी’ हे फील्ड खरं असेल तर पुढचं पान मागा, तोपर्यंत एकूण संख्या सांगू नका. बंद इश्यूही हवे असतील तर स्टेट ‘ऑल’ द्या.»

‘आणखी’ हे फील्ड गिटहबचं नाही, ते आपण टूलच्या कोडमध्ये घालायचं. नुसतं «पान भरलेलं आलं तर पुढचं मागा» असं लिहून भागत नाही, कारण पुल रिक्वेस्ट गाळल्यावर ३० पैकी १२च उरतील आणि एजंटला वाटेल यादी संपली. वर्णन लिहायला बसलं की अशा गोष्टी हाती लागतात आणि निम्मं काम कोडमध्येच करावं लागतं. कन्व्हर्टर चालवणाऱ्याला त्या एजंट तोंडघशी पडल्यावर कळतात.

गूगल कॅलेंडरच्या एपीआयमध्येही असाच खड्डा आहे. इव्हेंटच्या यादीत ‘सिंगल इव्हेंट्स’ हा पॅरामीटर न सांगता बंद असतो, म्हणून दर बुधवारची मीटिंग त्या-त्या तारखेला वेगवेगळी न येता एकच मूळ नोंद म्हणून येते. कन्व्हर्टर हा पॅरामीटर एजंटपुढे तसाच ठेवतो. स्वतः लिहिणारा तो कोडमध्ये कायमचा चालू करून स्कीमातून काढून टाकतो. दाखवलाच नाही तर चुकणार कसा?

खर्चाचाही विचार करा. टूलची व्याख्या सहसा प्रत्येक विनंतीसोबत जाते, टोकन (मॉडेल मजकूर ज्यांत मोजतं ते तुकडे) खाते. दोनशे एंडपॉइंटची दोनशे टूल्स केली तर प्रश्न विचारण्याआधीच बरीच जागा भरते, आणि सारख्या नावांच्या टूल्समध्ये मॉडेल चुकीचं उचलतं ते वेगळंच. एका वेळी वीसच्या आत फंक्शन्स ठेवा, असं ओपनएआयचं मार्गदर्शन आहे.

आपोआप काढलेल्या वर्णनाची बाजू एका ठिकाणी मात्र भक्कम आहे: ते शिळं होत नाही. एपीआयमध्ये स्टेटसचं नवं मूल्य आलं की स्कीमात ते आपोआप येतं. हाताने लिहिलेल्यात कुणीतरी आठवणीने घालावं लागतं, आणि ते कुणीतरी बहुधा रजेवर असतं. म्हणून पॅरामीटरांचे प्रकार, ठरलेली मूल्यं आणि अनिवार्य फील्ड स्पेसिफिकेशनमधूनच घ्यावीत. हात फक्त मजकुराला लावावा.

एपीआय लहान असेल, फक्त वाचण्याचा असेल आणि वापरणारे घरचेच असतील, तर कन्व्हर्टर पुरतो. बाकी खटाटोप करू नका. पुसणं, पैसे पाठवणं, ईमेल धाडणं यांपैकी काही असेल, तर ती टूल्स हातानेच लिहा. «आधी विचारा» एवढं वर्णनात लिहिलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही. परवानगीची अट कोडमध्येच हवी. एमसीपीमधल्या ‘फक्त वाचन’ किंवा ‘विध्वंसक’ या खुणाही निव्वळ सूचना आहेत, अनोळखी सर्व्हरच्या असतील तर त्यांवर विसंबू नका.

मधल्या परिस्थितीत अडकला असाल तर आधी कन्व्हर्टर चालवा, लोक खरोखर विचारतील असे वीसेक प्रश्न एजंटला द्या आणि लॉग (त्याने कोणते कॉल केले याची नोंद) वाचा. चुकीचं टूल निवडलं गेलं असेल तर नाव आणि वर्णनाची पहिली ओळ बदला. टूल बरोबर पण मूल्य चुकीचं असेल तर त्या पॅरामीटरचं वर्णन लिहा, त्यात एक नमुना मूल्य द्या. कॉल बरोबर असून उत्तर चुकलं असेल, तर गडबड एपीआयकडून परत येणाऱ्या माहितीत आहे. आणि ज्या टूल्सना कुणी हातच लावला नाही, ती काढून टाका. मग लिहायला किती उरतात ते दिसेल.