एमजीबीचा ब्रेक मास्टर सिलिंडर: नवा घेतला, परत केला, जुनाच बसवला

माझी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६५ची. पुढे डिस्क, मागे ड्रम, सर्वो (पायाच्या जोराला मदत करणारं यंत्र) नाही आणि चारही चाकांचं ब्रेकच्या तेलाचं सर्किट एकच. पेडल दाबल्यावर त्या तेलावर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरने दगा दिला तर हातात उरतो फक्त हँडब्रेक. त्यामुळे पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जायला लागलं, बाहेर मात्र तेलाचा थेंबही दिसेना, तेव्हा मी गाडी लगेच उभी केली. सिलिंडरच्या आतलं रबरी सील दाब धरत नव्हतं.

आधी मूळ नमुन्यावरून हल्ली तयार झालेला नवा सिलिंडर घेतला. बसला अगदी चपखल. पण थोडं चालवलं की पुढच्या डिस्क तापायच्या, गाडी ओढल्यासारखी वाटायची. पेडलपासून पिस्टनला ढकलणाऱ्या पुशरॉडला मोकळीक दिली, तरी तेच. पिस्टन पूर्ण मागे येतच नव्हता. ब्रेकच्या तेलाच्या टाकीकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहायचं आणि तापून फुगलेल्या तेलाला परतीची वाट नसायची. परत पाठवला.

पाऊण इंचाऐवजी सात-अष्टमांश इंच बोअरचा (आतल्या व्यासाचा) घे, पेडल टणक होईल, असंही एकाने सुचवलं. टणक होईल हे खरंच, पण पिस्टनचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. पायाचा जोर तेवढाच ठेवला तर तेलावरचा दाब पाव हिश्शाहून जास्त घटतो. सर्वो नसलेल्या गाडीत हे मला मुळीच नको होतं.

शेवटी जुनाच सिलिंडर दुरुस्तीला देऊन आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (नळीसारखं अस्तर) बसवून घेतली. बोअर पाऊण इंचच. गाडी बरेच दिवस अडकून पडली, हा तोटा आहेच. आल्यावर कापसाची काडी आतून छिद्रावरून फिरवून पाहिली. छिद्राच्या कडेला धार राहिली असती तर तंतू अडकला असता, आणि तीच धार पुढे नवं सील कापते. काहीच अडकलं नाही. मग कामाच्या टेबलावरच सिलिंडरमधली हवा काढली, गाडीत बसवला, डॉट ४ तेल भरलं. (सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका.)

एक सांगतो, या गाडीत क्लचचा सिलिंडर दिसायला ब्रेकच्या सिलिंडरसारखाच असतो, पण त्यात ब्रेकच्या नळीत थोडा दाब टिकवणारी टोकाची झडप नसते. जुना सुटा भाग घेणार असाल तर हे नक्की तपासा.

आता पेडल वर आहे आणि दाबून धरलं तरी तिथेच राहतं. डिस्क तापत नाहीत. परवा टाकीचं झाकण उघडलं, तर तेल अजून स्वच्छ, रबराची काळी झाक कुठेच नाही.