इटालियन स्लँगचं फ्रेंच करून देणारी माणसं: ८ महिन्यांनंतरचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. गेल्या वर्षी बीच टॉवेलची ऑर्डर आली. डिझाइन इटलीतल्या माणसाचं, माल फ्रान्समधल्या दुकानाला, आणि टॉवेलवर तरुण पोरांच्या तोंडची वाक्यं. त्यांचं इटालियनमधून फ्रेंच करून घ्यायचं काम आमच्या गळ्यात पडलं.

आधी एका एजन्सीला दिलं. करारपत्रांचं भाषांतर त्यांनी झकास केलं होतं, म्हणून भरवसा. एक वाक्य होतं 'के काझिनो!', म्हणजे काय हा गोंधळ! त्यांनी फ्रेंचमध्येही काझिनो तसाच ठेवला. स्पेलिंग एकच, पण फ्रेंच माणसाला त्यात जुगारच दिसतो. (इटालियनमध्ये जुगाराच्या काझिनोच्या शेवटच्या अक्षरावर आघातचिन्ह असतं, हे ज्ञान नंतरचं.) छपाई असती तर निभावलं असतं, पण अक्षरं जकार्डवर, म्हणजे विणतानाच नक्षी उठवणाऱ्या मागावर, विणलेली. १२० नग उतरल्यावर फोटो गेले आणि फ्रान्सच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, तुम्ही जुगाराचं सामान पण करता का?

मग मी फ्रान्सच्या एसएफटी आणि इटलीच्या एआयटीआय या अनुवादक संघटनांच्या याद्या चाळल्या. स्लँगचा वेगळा रकाना मला दिसला नाही. म्हणून मातृभाषा फ्रेंच असलेले, जाहिराती नाहीतर सबटायटल करणारे तेवढे निवडले आणि चौघांना पैसे देऊन चाचणी दिली. 'तिरारे उन बिदोने', शब्दशः पिंप फेकणे, म्हणजे भेटायला बोलावून टांग देणे. फ्रेंच लोक याला 'ससा ठेवणे' म्हणतात. एकाने पिंपच ठेवलं, तो बाद. दोघांनी ससा बरोबर आणला. चौथीने उत्तराआधी प्रश्न पाठवले: टॉवेल घेणार कोण, वय काय, कुटुंबाचं दुकान आहे का? तिलाच घेतलं. काझिनोला नेहमीचा फ्रेंच शब्द आहे 'बोर्देल', पण दोन्ही शब्दांचा एक अर्थ कुंटणखाना. लेकराबाळांच्या दुकानात नको, म्हणून तिने सुचवलं 'केल बाझार!' आपलाच बाजार. विणकामाचे मास्तर खूश झाले, मागावर नवीन डिझाइन लगेच चढलं.

दुभाष्या मात्र वेगळा लागतो. हीच बाई व्हिडिओ कॉलवर अडखळली. इटलीचा डिझायनर रोमचा, भरभर बोलणारा, मिलानवाले 'फिगो' (म्हणजे भारी!) म्हणतात तिथे हा 'फिको' म्हणतो. रोममध्ये राहिलेला दुभाष्या मिळाला तेव्हा कॉल सुरळीत झाले. त्याला डिझाइन आदल्या दिवशी पाठवायचं, नाहीतर तोही चाचपडतो.

तक्रारी दोन. बाई शब्दावर नाही, तासावर पैसे घेते. तीन शब्दांचं बिल बघून शेठ अजून कुरकुरतात. आणि ऑगस्टमध्ये दोन्ही देश सुट्टीवर, कुणी फोन उचलत नाही.

ते १२० नग गोडाऊनात पडून आहेत. पोरं गाड्या पुसायला नेतात. टॉवेल पाणी चांगलं पितात, म्हणतात.