मास्क चांगला, पट्टे वाईट

घाई असेल त्यांनी शीर्षक वाचून पुढे गेलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर.

नाक-तोंड झाकणारा सिलिकॉनचा मास्क आहे, दोन्ही बाजूंना किरमिजी चकत्या. चकत्या पी १०० दर्जाच्या, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या. माझं काम शोभेच्या दारूचं. हिरव्या रंगासाठी बेरियम नायट्रेट चाळावं लागतं आणि त्याची भुकटी कुठेही जाऊन बसते. आठ महिने हाच मास्क वापरतोय. चकत्यांवर तळवे दाबून श्वास ओढला की तो चेहऱ्याला घट्ट धरतो. दाढी असेल तर मात्र धरत नाही. मी मिशीवर भागवलं.

मी तो घेतला मुख्यतः काम झाल्यावरच्या सफाईसाठी. चाळण्या, वाडगे, ओटा कोरडे झाडायला गेलं की बसलेली भुकटी परत हवेत उडते, शिवाय घासण्याने पेट घेण्याची भीती. घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर तिथे नकोच, त्याच्या मोटरीत ठिणग्या उडतात. म्हणून सगळं ओल्या सुती फडक्याने पुसायचं, आणि तोवर मास्क तोंडावरच. शेवटी हातमोजे न काढता मास्क बाहेरून पुसून घ्यायचा, मग उतरवायचा.

धुण्याच्या बाबतीत कंपनीने डोकं चालवलंय. चकत्या एका पिळात निघतात (त्यांना पाणी लावायचं नाही, मळल्या की बदलायच्या). झडपाही सुट्या होतात. उरलेला भाग कोमट पाण्यात, सौम्य साबणाने पाच मिनिटांत स्वच्छ. झडपेची पापडी फार पातळ आहे, एकदा बादलीच्या तळाशी चाचपून शोधावी लागली.

पण पट्टे विणलेल्या इलॅस्टिकचे! तिसऱ्या महिन्यात शंका आली म्हणून ते ग्लासभर डिस्टिल्ड पाण्यात भिजवले आणि त्यात सोडियम सल्फेटचं द्रावण टाकलं. क्षणात पांढरं गढूळ झालं. बेरियम! इतके दिवस ते माझ्या मानेला घासत होतं, आणि मास्क काढल्यावर त्याच पट्ट्यांना हात लावून मी बिनधास्त चहा प्यायचो.

तळाशी बसतं ते बेरियम सल्फेट. ते विरघळत नाही, म्हणून तर एक्सरेआधी रुग्णांना पाजतातही. नायट्रेट मात्र पोटात गेलं तर रक्तातलं पोटॅशियम खाली आणतं, आणि मग हृदयाची लय बिघडते. तेव्हापासून धुण्याचं पाणी मोरीत न ओतता चिठ्ठी लावलेल्या कॅनमध्ये भरतो आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे देतो. सल्फेट टाकून गाळ खाली बसवण्याची युक्ती परक्लोरेटवर (दारूला ऑक्सिजन पुरवणारं आणखी एक रसायन) चालत नाही, त्यामुळे ते पाणीही तसंच कॅनमधून जातं. मॅग्नेशियम पुसलेली ओली फडकी वेगळी ठेवतो, आणि डब्याला घट्ट झाकण लावत नाही. पाण्याशी मिळून त्यातून हायड्रोजन सुटतो.

पट्ट्यांबद्दल कंपनीला विचारलं, तर रबरी पट्टे आहेत, पण वेगळे विकत घ्या म्हणाले. मागवलेत. तूर्तास पाचपैकी साडेतीन तारे. नव्या पट्ट्यांची ग्लासातली परीक्षा झाली आणि पाणी नितळ राहिलं, तर चार करीन.